मेळघाटातल्या एका हेक्टरची किंमत

मेळघाटातल्या गुगामल राष्ट्रीय उद्यानातली एक हेक्टर विरळ जंगलाची जमीन उद्या एखाद्या प्रकल्पासाठी वळवायची ठरली, तर त्या प्रकल्पाला एकट्या ‘एनपीव्ही’पोटी सुमारे ९५ लाख ८० हजार रुपये सरकारजमा करावे लागतील. तीच हेक्टरभर जमीन कुणी पन्नास वर्षं वणव्यापासून, कुऱ्हाडीपासून आणि मोकाट गुरांपासून राखली, तर राखणाऱ्याला या हिशेबातून मिळतात शून्य रुपये.

आधी ९५ लाख ८० हजारांचा हिशेब. ‘एनपीव्ही’ म्हणजे निव्वळ वर्तमान मूल्य. जंगल तोडलं तर त्यापासून पुढे मिळणारं पाणी, लाकूड, गवत, माती, हवा या सगळ्याला समाज मुकतो. त्या नुकसानीची आजच्या रुपयांतली किंमत तोडणाऱ्याने भरायची. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचे दर मान्य केले. देशातल्या जंगलांचे सहा वर्ग पाडले आणि प्रत्येक वर्गात घनतेनुसार तीन दर ठरवले. मेळघाटातलं सागाचं जंगल शुष्क पानगळीचं, म्हणजे तिसऱ्या वर्गातलं. त्याचे २००८ चे दर हेक्टरी असे होते : अतिघन ८.८७ लाख, घन ८.०३ लाख, विरळ ६.२६ लाख. २०२२ च्या जानेवारीत केंद्राने हे दर १.५३ पट केले. म्हणजे आता अतिघनला साधारण १३.५७ लाख, घनला १२.२९ लाख आणि विरळला ९.५८ लाख. जमीन अभयारण्यात असेल तर हा दर पाचपट होतो, राष्ट्रीय उद्यानात असेल तर दहापट. ९.५८ चे दहापट ९५.८ लाख.

गुगामल उद्यानाचं क्षेत्र ३६१.२८ चौरस किलोमीटर, म्हणजे ३६,१२८ हेक्टर. सगळं उद्यान विरळ जंगलाचंच आहे असं धरून सगळ्यात खालचा दर लावला, तरी बेरीज ३४,६०० कोटी रुपयांच्या घरात जाते. अर्थात राष्ट्रीय उद्यानातली जमीन वळवणं कायद्याने जवळपास अशक्यच करून ठेवलं आहे, आणि ते बरंच आहे. पण सरकारच्याच दरपत्रकाप्रमाणे एवढी मालमत्ता चिखलदरा आणि धारणी या दोन तालुक्यांत उभी आहे, आणि तिच्या कुशीतले हे दोन तालुके महाराष्ट्राला माहीत आहेत ते कुपोषणामुळे.

दुसरा एक आकडा भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेचा. या संस्थेने राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणासाठी देशातल्या व्याघ्र प्रकल्पांचं आर्थिक मूल्यमापन केलं. २०१९ मध्ये आलेल्या दुसऱ्या टप्प्यात दहा प्रकल्प होते आणि त्यात मेळघाट होता. या दहा प्रकल्पांपासून समाजाला दर वर्षी मिळणाऱ्या लाभांचं मोल प्रकल्पागणिक सुमारे ५,०९५ कोटी ते १६,२०२ कोटी रुपये निघालं. यात पाणी आहे, मातीची धूप थांबणं आहे, कार्बन आहे, परागीकरण आहे, रोजगारही आहे. असे अहवाल आले की दोन दिवस बातम्या येतात आणि मग कुणी विचारत नाही की हे पाच-दहा हजार कोटी नेमके कुणाच्या खिशात गेले. लाभ झाला असेल तर लाभार्थी असणार. लाभार्थी असेल तर त्याच्याकडून काही वसूल होतं का? मला या सगळ्या आकडेमोडीत एवढाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो.

पैसा फिरतो तो तोडफोडीच्या वाटेने. जंगल वळवणाऱ्यांनी भरलेली रक्कम ‘कॅम्पा’ या निधीत जाते. सर्वोच्च न्यायालयातल्या गोदावर्मन खटल्यातून हा निधी उभा राहिला, वर्षानुवर्षं केंद्राकडे साचत राहिला, २०१६ मध्ये त्याचा कायदा झाला, २०१८ मध्ये नियम झाले आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ४७,४३६ कोटी रुपये राज्यांना वाटले गेले. ओडिशाला सर्वाधिक, ५,९३३.९८ कोटी. महाराष्ट्राच्या वाट्याला ३,८४४.२४ कोटी. या यादीत वरचा क्रमांक लागणं ही काही भूषणाची गोष्ट नाही. ज्याचं जंगल जास्त गेलं त्याला जास्त पैसे, एवढाच त्याचा अर्थ. जंगल सांभाळण्यासाठी उभारलेल्या देशातल्या सगळ्यात मोठ्या तिजोरीत भर पडायची असेल, तर कुठेतरी जंगल तुटलंच पाहिजे.

हा पेच एकट्या जंगलाचा नाही. जगभर आज यावर सगळ्यात जास्त डोकं चालवलं जातंय ते समुद्रातल्या प्रवाळांसाठी. प्रवाळ समुद्रतळाच्या एक टक्क्याहूनही कमी जागेवर आहेत आणि समुद्रातल्या सुमारे पाव जाती त्यांच्या आधाराने जगतात. २००९ ते २०१८ या काळात जगातले १४ टक्के प्रवाळ गेले. ते पुन्हा उभे करायचे तर खर्च किती? जगभरातल्या प्रकल्पांचा अभ्यास करणाऱ्यांनी २०१९ मध्ये मध्यम खर्च काढला तो हेक्टरी ४ लाख डॉलर, तोही २०१० च्या डॉलरमध्ये. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर ३ कोटी ४० लाख रुपये हेक्टर. एवढं करून लावलेल्या तुकड्यांपैकी सरासरी दोन-तृतीयांश जगतात, आणि निम्म्याहून जास्त प्रकल्पांत दीड वर्षानंतर पाहायलाही कुणी जात नाही. रोपं लावून फोटो काढायचा आणि पावसाळ्यानंतर तिकडे फिरकायचं नाही, ही रीत फक्त आपल्याकडचीच नाही, एवढं समाधान मानायला हरकत नाही.

इतका महाग माल कोण विकत घेणार? मेक्सिकोतल्या क्विंताना रू या राज्याने काढलेली तोड मला लक्षात ठेवण्यासारखी वाटते. तिथे कानकूनच्या किनाऱ्यावर हॉटेलांची रांग आहे आणि समोर प्रवाळांची भिंत. चांगली प्रवाळभित्ती लाटांची ९७ टक्क्यांपर्यंत ताकद जिरवते, म्हणजे हॉटेलांचा पाया त्या भिंतीवर उभा. राज्याने २०१८ मध्ये एक न्यास स्थापन केला आणि प्रवाळांचा चक्क विमा उतरवला. ठरलेल्या पट्ट्यात वाऱ्याचा वेग १०० नॉटच्या, म्हणजे ताशी १८५ किलोमीटरच्या वर गेला की पंचनामा नाही, अर्ज नाही, थेट रक्कम हातात. ऑक्टोबर २०२० मध्ये डेल्टा वादळ आलं आणि सुमारे ८ लाख डॉलर मिळाले. त्या पैशातून प्रशिक्षित पाणबुड्यांनी उखडलेले प्रवाळ पुन्हा बसवले. आपल्याकडे पीकविम्याचे पैसे मिळवताना किती उंबरठे झिजवावे लागतात हे ज्याने पाहिलंय, त्याला वाऱ्याचा वेग बघून आपोआप मिळणाऱ्या विम्याचा हेवा वाटेल. कॅरिबियनमधल्या बोनेअर बेटाने त्याआधी, १९९२ मध्ये, याहून साधा मार्ग धरला होता. पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येक पाणबुड्याकडून वर्षाला १० डॉलर घ्यायचे आणि ते सागरी उद्यानावरच खर्च करायचे.

महाराष्ट्राकडेही प्रवाळ आहेत. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं. क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा अवघा ३.१८२. म्हणजे गाभा पुरता ३१८ हेक्टर. मेळघाटातल्या एखाद्या मोठ्या गावाचं शिवार यापेक्षा मोठं निघेल. जाहीर केल्यापासून मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला, कारण अभयारण्य म्हणजे बंदी आणि बंदीच्या बदल्यात हातात काही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या सिंधुदुर्ग प्रकल्पात तिथे प्रवाळांचे तुकडे रुजवण्याचं काम झालं, तारकर्ली-मालवणला स्कूबाचा धंदा वाढला, पण प्रवाळ पाहून जाणाऱ्या पर्यटकाचा रुपया थेट प्रवाळाकडे वळेल अशी बोनेअरसारखी साधी नळी काही पक्की बसली नाही. त्या किनाऱ्यावर पैशाचा नेमका उपयोग झाला तो वेगळ्याच योजनेत. डिसेंबर २०१८ पासून मच्छीमाराने जाळ्यात अडकलेलं कासव, देवमासा किंवा संरक्षित मुशी जाळं कापून सोडून दिली, तर फाटलेल्या जाळ्यापोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. रक्कम लहान आहे. पण ज्याने प्राणी वाचवला आणि ज्याचं जाळं गेलं, त्याच माणसाला ती मिळते.

या मोजपट्टीने पुन्हा मेळघाट पाहू. व्याघ्र प्रकल्पाचं एकूण क्षेत्र २,७६८.५२ चौरस किलोमीटर. त्यात गाभा १,५००.४९ आणि बफर १,२६८.०३. देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांतला हा एक, १९७४ चा. इथे निसर्ग दुरुस्त करण्यासाठी सरकारने सर्वाधिक पैसा मोजला असेल तर तो गावं उठवण्यावर. २००८ पासून गाभ्यातलं गाव सोडणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला १० लाख रुपये, २०२१ पासून १५ लाख. अठरा वर्षांचा मुलगा हे वेगळं कुटुंब. त्याआधीचा दर १ लाख होता. बोरी, कोहा आणि कुंड ही तीन गावं या दहा लाखांच्या आधीच, २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, खाली अकोट तालुक्यात आली. पुढे वैराट, चुर्णी, अमोना, नागरतास, बारुखेडा, धारगड, सोमठाणा, गुल्लरघाट, केलपाणी अशी यादी लांबत गेली.

रिकाम्या झालेल्या शिवारांत जे घडलं ते खरं पुनरुज्जीवन. सोडलेल्या वावरांत आधी तण माजतं, रानतुळस आणि तरोटा सगळं व्यापतो. ते उपटून मारवेल, पवन्या अशी गुरांच्या आणि हरणांच्या तोंडची गवतं लावायची, बी धरायचं, पुढच्या कुरणात पेरायचं. बडनेऱ्याच्या महाविद्यालयातले गवत-अभ्यासक डॉ. गजानन मुरतकर यांच्या मार्गदर्शनाखाली वनखात्याने हे काम केलं. जिथे गावठाण होतं तिथे सांबर आणि गवे चरू लागले. त्यांच्यामागे वाघ येणारच. निसर्गाच्या बाजूने पाहिलं तर पैसे वसूल.

माणसाच्या बाजूने मात्र आकडे तपासावे लागतात. दहा लाखांच्या योजनेत दोन पर्याय होते. एक, सगळी रक्कम रोख घ्या आणि तुमचं तुम्ही बघा. दोन, वनखात्याने वसवून द्यायचं. दुसऱ्या पर्यायात दहा लाखांची वाटणी ठरलेली होती : २ हेक्टर शेतजमिनीची खरेदी आणि विकास ३५ टक्के, हक्कांचा मोबदला ३० टक्के, घर २० टक्के, प्रोत्साहन ५ टक्के, गावाच्या सोयी १० टक्के. जमिनीचे ३५ टक्के म्हणजे साडेतीन लाख. त्यात २ हेक्टर, म्हणजे जवळपास पाच एकर. एकराला पडले साधारण ७० हजार, तेही जमीन वहितीखाली आणण्याच्या खर्चासकट. १५ लाखांच्या दराला हीच टक्केवारी लावली तर एकराला १ लाख ६ हजार. अकोट-तेल्हाऱ्याच्या केळी-संत्र्याच्या पट्ट्यात या पैशात कुणी धुराही विकणार नाही. त्यामुळे बहुतेकांनी रोख घेतले आणि रोखीचं काय होतं ते या भागात सगळ्यांनी पाहिलंय. मोटारसायकली आल्या, लग्नं झाली, उरलेलं बँकेत राहिलं ते आजारपणाने खाल्लं.

शिवाय १० लाखांचा दर १३ वर्षं हलला नाही. वर्षाला ६ टक्के महागाई धरली, तर २००८ च्या १० लाखांची बरोबरी करायला २०२१ मध्ये २१ लाखांहून थोडे जास्त लागले असते. दिले १५. वाढ म्हणून जाहीर झालेली ही रक्कम खरं तर कपात होती. खाली आलेल्या काही कुटुंबांनी पुन्हा डोंगर गाठला. २०१९ च्या जानेवारीत केलपाणी-गुल्लरघाट भागात परतलेली माणसं आणि वनखात्याचे कर्मचारी यांच्यात मारामारी झाली, दोन्हीकडचे जखमी झाले. तिथे कोण चुकलं यावर पुष्कळ बोललं गेलं. मला त्यात हिशेबाचीच चूक मोठी दिसते. गुगामलमधलं एक हेक्टर विरळ जंगल बिघडवणाऱ्याकडून आपण ९५.८ लाख मागतो आणि जंगल मोकळं करून देणाऱ्या कुटुंबाला १५ लाख देतो. एका हेक्टरच्या दंडात सहा कुटुंबांचं पुनर्वसन बसतं.

पर्यटनाकडे थोडक्यात पाहू, कारण तिथे आकड्यांना फारसं अंग नाही. २००६ च्या कायदादुरुस्तीने प्रत्येक व्याघ्र प्रकल्पाला आपलं प्रतिष्ठान मिळालं आणि फाटकावरचा पैसा तिथेच वापरायची मुभा मिळाली. ताडोब्याला याचा फायदा झाला कारण ताडोब्यात वाघ दिसतो. मेळघाटात उतार तीव्र, झाडी दाट, वाघ दिसला तर नशीब. सेमाडोह-कोलकासला जाणारा माणूस जंगलासाठी जातो, वाघासाठी रांग लावणारा चंद्रपूरला जातो. चिखलदऱ्याची गोष्ट वेगळी. विदर्भातलं ते एकमेव थंड हवेचं ठिकाण, पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते. कानकूनची हॉटेलं प्रवाळांवर जगतात, तशी चिखलदऱ्याची हॉटेलं या धुक्यावर आणि धबधब्यांवर जगतात. मेक्सिकोचा धडा इथे गिरवायचा असेल तर खोलीच्या भाड्यातले दोन टक्के मागायला तीच पहिली जागा.

अलीकडे एका नव्या चलनाचा गाजावाजा झाला. केंद्राने ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘ग्रीन क्रेडिट’ योजना आणली. फेब्रुवारी २०२४ च्या पद्धतीप्रमाणे वनखात्याने उजाड वनजमीन दाखवायची, कंपनीने पैसे भरायचे, हेक्टरी किमान १,१०० झाडं लावायची, झाडामागे एक क्रेडिट. ऑगस्ट २०२५ मध्ये नियम कडक झाले : आता झाडं पाच वर्षं जगली पाहिजेत, सावली ४० टक्के जमिनीवर पडली पाहिजे, मगच क्रेडिट. ही सुधारणा चांगली, पण मुळातली अडचण तशीच आहे. हेक्टरी १,१०० झाडं म्हणजे गवताळ माळ संपला. अकोला आणि वाशीमच्या माळांवर तणमोर येतो. देशातल्या सर्वांत दुर्मीळ पक्ष्यांपैकी हा एक. फासेपारध्यांच्या मदतीने कारंजा लाडच्या ‘संवेदना’ संस्थेने त्याच्यासाठी गवताचे माळ राखण्याचं काम केलंय. कधीकाळी ज्यांचे फासे तणमोराच्या गळ्यात पडत, तीच माणसं आता त्याची घरटी राखतात. या माळाला सरकारी कागदावर ‘पडीक’ म्हणतात. झाडामागे क्रेडिट देणाऱ्या बाजारात तणमोराच्या माळाची किंमत शून्य, आणि तिथे सुबाभूळ लावली की १,१००. मेळघाटात डॉ. मुरतकरांनी बसवलेली कुरणं या योजनेच्या नजरेत उजाडच ठरतील.

आता अचलपूर तालुक्यातलं पायविहीर. परतवाड्यापासून जवळ, मेळघाटाच्या पायथ्याचं लहानसं आदिवासी गाव. वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये गावाला सुमारे १९३ हेक्टर वनजमिनीवर सामूहिक हक्क मिळाला. मिळालेली जमीन बरीचशी बोडकी होती. ‘खोज’ या परतवाड्याच्या संस्थेच्या सोबतीने गावाने चराई आणि तोडीला आवर घातला, रोजगार हमीतून चर खोदले, बंधारे घातले, झाडं लावली. सीताफळाचं पीक हाती येऊ लागलं तसं ग्रामसभेने ते एकत्र विकायला सुरुवात केली आणि ‘मेळघाट’चं नाव लावून माल मुंबईपर्यंत पोचवला. २०१४ मध्ये गावाला राष्ट्रीय पातळीवरचा जैवविविधता पुरस्कार मिळाला.

पायविहीरला कुणी दर वर्षी देणगी दिली नाही, झाडामागे क्रेडिट दिलं नाही. मजुरी मिळाली ती रोजगार हमीची, जी कोणत्याही गावाला मिळू शकत होती. बदल झाला तो मालकीत. चर खोदणाऱ्यालाच ठाऊक होतं की पाच वर्षांनी या चराच्या कडेचं सीताफळ माझ्या ग्रामसभेचं. आता गंमत म्हणून १९३ हेक्टरला ग्रीन क्रेडिटचं गणित लावा. १,१०० ने गुणलं तर २ लाख १२ हजार ३०० क्रेडिट. ही संख्या कागदावर भरघोस दिसते. पण योजना वनखात्याच्या जमिनीवर पैसे भरणाऱ्या कंपनीसाठी आखलेली, हक्क मिळवून स्वतः जंगल वाढवलेल्या ग्रामसभेला तिच्यात जागा नाही. आणि पायविहीरने आधी पैसे मिळतील म्हणून जंगल वाढवलं असतं, तर पैसे थांबताच चराई सुरू झाली असती. इथे उलट झालं. हक्क आधी आला, उत्पन्न मागून आलं.

म्हणून मला वाटतं वऱ्हाडात निसर्ग-दुरुस्तीचा पैसा शोधायचा तर तो कंपन्यांच्या क्रेडिटमध्ये नाही आणि फाटकावरच्या तिकिटातही नाही. तो पाण्यात आहे. सातपुड्याच्या दक्षिण उतारावरून चार नद्या वऱ्हाडाच्या सपाटीत उतरतात आणि चारींवर धरणं आहेत. त्यांचा उपयुक्त साठा वर्तमानपत्रांत पावसाळ्यात रोज छापून येतो : वान ८१.९५ दलघमी (दशलक्ष घनमीटर), शहानूर ४६.०४, चंद्रभागा ४१.२५, सापन ३८.६०. बेरीज २०७.८४ दलघमी. हे पाणी अडतं धरणात, पण टिकतं वरच्या जंगलामुळे. डोंगर बोडका झाला की पहिल्या दोन पावसांत लोंढा येतो, गाळ येतो आणि फेब्रुवारीत झरे बंद पडतात.

खाली कोण आहे तेही पाहा. पूर्णेचा खारपाणपट्टा. जागतिक बँकेच्या मदतीने २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात या पट्ट्यातली ९३२ गावं घेतली होती. ६० कोटी डॉलरच्या त्या प्रकल्पात ४२ कोटी बँकेचं कर्ज होतं. या पट्ट्यात विहीर खणली की खारं पाणी लागतं. बोअरचं पाणी प्यायलेल्या गावांत मूत्रपिंडाचे आजार घरोघर. तिथल्या माणसाला वानच्या गोड पाण्याचं मोल अर्थशास्त्रज्ञाने सांगायला नको. अकोट, तेल्हारा आणि ८४ खेडी योजनेतली गावं वारी भैरवगडच्या या धरणावर जगतात. अंजनगाव-दर्यापूरकडे शहानूरचं पाणी जातं. वानचं पाणी अकोला शहराकडे किंवा बाळापूरच्या गावांकडे न्यायचा विषय निघाला तेव्हा तेल्हाऱ्याचे शेतकरी रस्त्यावर उतरले, ते उगीच नाही.

आता साधा गुणाकार. २०७.८४ दलघमी म्हणजे २०.७८ कोटी घनमीटर. घनमीटरला, म्हणजे हजार लिटरला, १० पैसे ‘जंगलाचा वाटा’ म्हणून ठेवले तर वर्षाला २ कोटी ८ लाख रुपये होतात. धरण भरेलच असं नाही, बाष्पीभवन आहे, गळती आहे. म्हणून निम्मं धरा : १ कोटी ४ लाख. रोजगार हमीचा २०२५-२६ चा महाराष्ट्रातला दर ३१२ रुपये. निम्म्या रकमेतही ३३ हजारांहून जास्त मनुष्यदिवस निघतात, म्हणजे ३३० माणसांना वर्षाकाठी शंभर दिवसांचं जाळरेषेचं, चराचं, गवताचं काम. हजार लिटरला १ रुपया ठेवला तर याच्या दहापट. संपूर्ण व्याघ्र प्रकल्पाच्या २ लाख ७६ हजार ८५२ हेक्टरांवर पसरवलं तर पूर्ण साठ्याच्या हिशेबाने हेक्टरी ७५० रुपये. घन जंगलाच्या १२ लाख २९ हजारांच्या दरापुढे हा आकडा किरकोळ आहे, पण तो जंगल उभं असताना दर वर्षी येणारा आहे.

असं कुठे झालंय का? अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहराचं उदाहरण सगळे देतात. १९९७ मध्ये शहराने अब्जावधी डॉलरचा शुद्धीकरण प्रकल्प टाळून कॅट्सकिल डोंगरातल्या शेतकऱ्यांना आणि जमीनमालकांना पैसे दिले. मला त्यापेक्षा हिमाचलचं पालमपूर जवळचं वाटतं. २०१० मध्ये पालमपूर नगरपरिषदेने बोहल झऱ्याच्या वरचं जंगल राखणाऱ्या गावसमितीशी करार केला आणि वर्षाला १० हजार रुपये द्यायचं ठरलं. रक्कम ऐकून हसू येईल. पण पाणी पिणाऱ्याने पाणी राखणाऱ्याशी लेखी करार केला आणि पैसे मधल्या कुठल्याही तिजोरीत न जाता गावात गेले.

नाही तर पैसा मध्येच मुरतो. चौदाव्या वित्त आयोगाने राज्यांना केंद्रीय करांतला वाटा देताना जंगलाच्या क्षेत्राला ७.५ टक्के वजन दिलं, पंधराव्याने जंगल आणि पर्यावरणाला १० टक्के. कल्पना उत्तम होती. पण तो पैसा मंत्रालयात पोचतो आणि सर्वसाधारण खर्चात मिसळतो. महाराष्ट्राचा त्या निकषातला वाटा गडचिरोली आणि मेळघाटामुळे जेवढा वाढतो, त्यातला किती हिस्सा परत धारणीला येतो हे विचारायला विधानसभेत कुणी उभं राहिलेलं मला आठवत नाही.

वऱ्हाडातल्या पाण्याच्या वाट्यातही हाच धोका आहे, आणि दुसरा अवघड प्रश्न देणाऱ्याचा. तेल्हाऱ्याचा कपाशीवाला म्हणेल, आधीच पाणी शहराला जातंय, त्यात आणखी दहा पैसे मी का द्यायचे? त्याचं बरोबर आहे. सिंचनाला सूट देऊन नगरपालिका, प्रादेशिक नळयोजना आणि एमआयडीसी यांच्यापासून सुरुवात करता येईल. घाऊक पाण्याचे दर ठरवतं महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण, २००५ च्या कायद्याने. त्या कायद्यात दर ठरवताना वसूल करायचे खर्च दिलेत ते सिंचन व्यवस्थापनाचे, प्रशासनाचे, देखभाल-दुरुस्तीचे. धरणाच्या भिंतीची डागडुजी त्यात बसते, गाळ न येण्यासाठी वर डोंगरात करायचं काम बसत नाही. ते बसवायला मोठी योजना लागणार नाही, दरनिश्चितीच्या पुढच्या सुनावणीत अमरावती-अकोल्याच्या कुणीतरी लेखी मागणी ठेवावी लागेल. या सुनावण्यांना जनता बोलावलेली असते. घेणाऱ्या बाजूला करार करू शकणाऱ्या, बँकेत खातं असलेल्या आणि वनहक्काचा कागद हातात असलेल्या ग्रामसभा अचलपूर आणि चिखलदरा तालुक्यांत आहेत. गाभ्यातून खाली आलेल्या गावांना मात्र या वाट्यात कसं धरायचं, कारण त्यांनी राखायचं जंगल आता त्यांचं राहिलेलं नाही, हे कुठल्याही दरपत्रकात सुटलेलं नाही.